यजमान नेहमी जिंकतात

सामना ज्या गावात भरतो त्या गावाचा संघ जिंकतो. दर वेळी. मात्र पाहुण्यांना मान खाली घालून परतावे लागेल इतक्या मोठ्या फरकाने जिंकायचे नाही, हेही ठरलेले. एका संघात खेळाडू किती? चाळीस असतील, पन्नास असतील, साठही असतील. दोन्हीकडे सारखे असले म्हणजे झाले. फलंदाज बाद झाला की क्षेत्ररक्षण करणारा अख्खा संघ मैदानातच नाचतो, आणि प्रत्येक संघाचा नाच वेगळा. धावा मोजणारा माणूस झावळीची एकेक पाती तोडत बसलेला असतो. असे क्रिकेट तुम्ही पाहिले नसेल, तर ‘ट्रोब्रियंड क्रिकेट’ हा तासाभराच्या आत संपणारा माहितीपट वेळ काढून पाहा.

जेरी लीच हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आणि गॅरी किल्डिया हे ऑस्ट्रेलियन चित्रपटकार, या दोघांनी तो १९७० च्या दशकात केला. मानववंशशास्त्राच्या वर्गांत तो तेव्हापासून आजतागायत दाखवला जातो. चित्रपटाच्या नावाला एक शेपूट आहे: ‘अॅन इन्जीनियस रिस्पॉन्स टू कलोनिअलिझम’. म्हणजे वसाहतवादाला दिलेले एक कल्पक उत्तर. मला चित्रपट फार आवडतो आणि हे शेपूट खटकते. का, ते सांगण्यासाठी हा लेख. आपण परदेशात राहणारी मराठी माणसे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सभागृहात स्वतःची संस्कृती मांडून दाखवत असतो, त्यामुळे हे भांडण आपल्यालाही अगदी परके नाही.

आधी जागा समजून घेऊ. ट्रोब्रियंड हा पापुआ न्यू गिनीच्या पूर्व टोकाजवळच्या समुद्रातला प्रवाळ बेटांचा समूह. मिल्ने बे प्रांतात येतो. सर्वांत मोठे बेट किरिविना. बेटे सपाट, हवा दमट, विषुववृत्तापासून फार लांब नाही. लोक शेती करतात आणि शेतीचा राजा म्हणजे याम, आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. पोट भरण्याचे साधन एवढीच यामची ओळख सांगितली तर बेटावरचे लोक हसतील. याम म्हणजे इज्जत. कापणी झाली की तो शेतात रचून लोकांना दाखवायचा, मिरवत गावात आणायचा आणि गावाच्या मध्यावर उभ्या असलेल्या याम-घरात भरायचा. या घरांच्या ओंडक्यांच्या भिंतींत मुद्दाम फटी ठेवतात, म्हणजे आतला माल येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा.

आता खरी गंमत. पुरुष जो उत्तम याम पिकवतो तो स्वतःच्या घरात भरण्यासाठी पिकवत नाही. तो जातो बहिणीच्या घरी, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या याम-घरात. वंश आईकडून चालतो. मूल आईच्या कुळाचे. त्यामुळे भावाने बहिणीचे घर भरणे म्हणजे आपल्याच कुळाच्या पुढच्या पिढीला पोसणे. कुणाचे याम-घर किती भरलेले आहे यावरून त्याला मेहुणे किती आणि कसे आहेत ते गावाला कळते. ही रीत लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

या बेटांचे नाव जगाला ठाऊक झाले ते ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या पोलिश संशोधकामुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने किरिविनावरच्या ओमाराकाना गावात तंबू ठोकला, भाषा शिकला, आणि १९२२ मध्ये ‘आर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ हे पुस्तक लिहिले. बेटाबेटांतून शंखांच्या माळा एका दिशेने आणि शंखांची कंकणे उलट दिशेने फिरवत राहण्याची ‘कुला’ नावाची देवघेव त्यात सविस्तर आली. लोकांमध्ये राहून, त्यांच्या भाषेत बोलून संशोधन करण्याची पद्धत त्या पुस्तकाने रूढ केली. पण त्याच मालिनोव्स्कीच्या १९२९ च्या पुस्तकाच्या नावात या लोकांना ‘रानटी’ म्हटले आहे आणि विषय आहे त्यांचे कामजीवन. पुढे पर्यटनाच्या जाहिरातींनी ‘प्रेमाची बेटे’ असे नाव चिकटवले, ते अजून पुरते सुटलेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, त्याची खासगी रोजनिशी छापली गेली. ज्या लोकांबद्दल तो इतक्या समजुतीने लिहीत होता त्यांच्यावर तो मनात किती चिडत होता, हे तेव्हा सगळ्यांना दिसले.

‘ट्रोब्रियंड क्रिकेट’ या सगळ्याच्या पाठोपाठ आला. त्याचे पहिले श्रेय हे, की त्याने या बेटांकडे पाहण्याची तऱ्हा बदलली. इथे प्रेमाची बेटे नाहीत आणि कालप्रवाहाच्या बाहेर थांबून राहिलेले आदिवासीही नाहीत. मेथडिस्ट मिशन १८९४ मध्ये बेटांवर आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिल्मर नावाच्या मिशनऱ्याने इथे क्रिकेट आणले. हेतू सरळ होता. गावागावांतल्या लढाया थांबवायच्या, तरुणांच्या अंगातली रग दुसरीकडे वळवायची आणि जमले तर शिस्तही लावायची. लढाया तर वसाहतीच्या सरकारने बंदच केल्या होत्या. वयस्कर माणसे कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या भाषेत सांगतात, की आम्हाला हा खेळ असा शिकवला आणि मग आम्ही त्याचे असे केले. निवेदक बाहेरचा आहे, पण खेळ का बदलला याची कारणे बेटावरच्या तोंडून येतात. त्या काळच्या माहितीपटांत हे सर्रास घडत नव्हते.

आणि कारणे किती चोख आहेत पाहा. चेंडू टाकायची इंग्रजी पद्धत सोडून भाला फेकण्याच्या ढंगात चेंडू टाकायला सुरुवात झाली. भालाफेकीत तरबेज असलेल्या माणसांचा नेम इतका पक्का, की यष्ट्यांची मांडणी त्या मानाने बदलावी लागली. बॅटवर रंगवलेली नक्षी लढाईच्या ढालीवरची. खेळाडूंच्या अंगावरचे रंग आणि डोक्यावरची पिसे लढाईच्या सजावटीतली. मैदानात शिरतानाची रांग म्हणजे चालून जाणारी फौज. सामन्यासाठी मंत्र टाकले जातात तेही लढाईचे. ‘लढाई सोडा आणि खेळा’ असे सांगणाऱ्या मिशनऱ्याचे बेटाने ऐकले, आणि ऐकता ऐकता सगळी लढाई त्या खेळात आणून ठेवली. सरकारला काही आक्षेप घेता येईना, कारण समोर चालू होते ते क्रिकेटच.

संघांची नावे आणि नाच यांत तर अख्खा विसावा शतक उतरला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, दोस्तसेनेने किरिविनावर विमानतळ बांधला होता. एका संघाचे नाव आहे ‘एरोप्लेन’. खेळाडू हात पसरून विमानासारखे घिरट्या घेतात. एक नाच आहे ‘पीके’ नावाच्या च्युइंग गमवरचा: आमचे हात त्या गमसारखे चिकट, चेंडू आला की चिकटलाच. नाचगाण्यांत चावटपणाही भरपूर असतो, आणि प्रेक्षकांना तो कळतो. अनोळखी वस्तू बेटावर आली, तिची गंमत वाटली, तिचे गाणे झाले आणि ती आपली झाली. कुठे कुढणे नाही आणि दिपून जाणेही नाही.

इथे मला ‘लगान’ आठवतो, आणि मला वाटते तुम्हालाही आठवला असेल. आशुतोष गोवारीकरचा २००१ चा चित्रपट. काळ १८९३, गाव चंपानेर, साहेबाशी क्रिकेटची पैज. आपल्यापैकी अनेकांनी तो परदेशातल्या चित्रपटगृहात शिट्ट्या मारत पाहिला. ‘लगान’मध्ये भुवन सांगतो की हा तर आपला गिल्ली-दांडाच. गोली गोफण फिरवावी तसा हात गरगर फिरवून चेंडू टाकतो, साहेब हरकत घेतात, आणि पंच नियम पाहून सांगतात की यात काही गैर नाही. टाळ्या पडतात. पण बारकाईने पाहिले तर गोलीचा चेंडू वैध ठरतो तो इंग्रजांच्या नियमपुस्तकामुळे. चंपानेर जिंकते ते साहेबाच्या खेळात, साहेबाच्या नियमांनी, साहेबाच्या पंचांसमोर. तो विजय खोटा नाही. मुंबईच्या मैदानांवर पळवणकर बाळूंनी जे करून दाखवले तेही त्याच जातीचे होते: खेळ तुमचा, नियम तुमचे, आणि तरीही माझ्यासारखा गोलंदाज तुमच्याकडे नाही. ज्याला चहाच्या वेळी वेगळ्या पेल्यातून चहा मिळत होता त्याच्यासाठी मैदानावर नियम सगळ्यांना सारखे असणे हीच मोठी गोष्ट होती.

ट्रोब्रियंडच्या लोकांनी दुसरा रस्ता धरला. साहेबाला हरवणे हा त्यांच्या खेळाचा विषयच नाही. साहेब मैदानात नाही, पंच म्हणूनही नाही. आपापल्या गावांत खेळण्यासाठी खेळ घेतला आणि आपल्या गरजेप्रमाणे कापून शिवून घेतला. दोन्ही रस्त्यांत एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असे मला म्हणायचे नाही. बाळूंना नियम बदलून चालले नसते, कारण नियम बदलण्याची सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांच्यातले स्वधर्मीयही त्यांना कर्णधार करायला तयार नव्हते. किरिविनावर गावाची सत्ता गावाकडे बऱ्यापैकी उरलेली होती. म्हणून तिथे हे जमले. ही तुलना डोक्यात आली की चित्रपटाच्या नावातल्या ‘कल्पक’ या शब्दाबद्दल पहिली शंका येते. कल्पकता तर चंपानेरातही होती. बेटावर कल्पकतेला वाव देणारी परिस्थिती कोणती होती, हा प्रश्न चित्रपट नीट विचारत नाही. लोक हुशार होते, म्हणून त्यांनी खेळ बदलला. उत्तर तिथेच थांबते.

आता माझे मुख्य भांडण. चित्रपटात आपण जो सामना पाहतो तो कुणी भरवला होता?

अॅनेट वायनर या मानववंशशास्त्रज्ञ बाई १९७१ पासून किरिविनावर काम करत होत्या. ‘अमेरिकन अँथ्रपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात त्यांनी या चित्रपटाचे परीक्षण केले आणि एक गोष्ट पुढे आणली: हा सामना काबिसवाली नावाच्या चळवळीने चित्रपटासाठी घडवून आणला होता. काबिसवाली ही स्थानिक राजकीय चळवळ. तिचा नेता जॉन कसाइप्वालोवा, किरिविनाचा, विद्यापीठात शिकून आलेला कवी. ‘रिलक्टंट फ्लेम’ ही त्याची दीर्घ कविता १९७१ ची. सरकारी चौकटीतल्या स्थानिक कौन्सिलला आव्हान द्यायचे, बेटावरचा धंदा आणि पर्यटन बेटावरच्या लोकांच्या हाती आणायचे, परंपरेला नव्याने मान मिळवून द्यायचा, असा तिचा खटाटोप होता. तिला विरोध करणारेही बेटावर पुष्कळ होते. पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला १६ सप्टेंबर १९७५ रोजी. म्हणजे हे सगळे देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना चालले होते. आमच्याकडे काय आहे ते जगाला आणि नव्या सरकारला दिसू दे, असे वाटणारी माणसे त्या मैदानात नाचत होती. लीच यांना यातले काही ठाऊक नव्हते असे नाही. काबिसवाली चळवळीवर त्यांनी स्वतः अभ्यासपूर्ण लेखन केले आहे. तरी सामन्यामागचे हे राजकारण चित्रपट उलगडून सांगत नाही. निवेदन बोलते ते ‘ट्रोब्रियंडचे लोक असे करतात’ या चालीवर, जणू हे कालही असेच होते आणि उद्याही असेच असेल.

हे कळल्यावर पुष्कळांचा पहिला उद्गार असतो, ‘म्हणजे सगळे खोटेच की!’ माझा रोख तो नाही. मराठी वाचकाला हे समजावणे तसे सोपे आहे. घरातला गणपती जुना, पण चौकातला मंडपातला गणपती ज्या रूपात आपण ओळखतो तो १८९० च्या दशकात टिळकांनी आणि त्यांच्या काळच्या पुढाऱ्यांनी घडवला, आणि त्यामागे उघड राजकीय हेतू होता. म्हणून तो खोटा होतो का? आपल्यापैकी कितीतरी जण तो दर वर्षी सोयीच्या शनिवारी भाड्याच्या सभागृहात बसवतात आणि रविवारी विसर्जन करतात. त्यात भाव नसतो असे कोण म्हणेल? परंपरा कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी उभी करत असते, आणि तशी उभी केल्याने तिचे सत्त्व जात नाही. काबिसवालीच्या लोकांनी कॅमेऱ्यासाठी सामना भरवला, यात लाजण्यासारखे काही नव्हते. लपवण्यासारखे तर मुळीच नव्हते.

म्हणून तर ते न सांगणे मला खटकते. हे सांगितले असते तर चित्रपटाच्या नावातले वाक्य अधिक खरे ठरले असते. वसाहतवादाला उत्तर शतकाच्या सुरुवातीला एकदा देऊन झाले आणि त्याचा अवशेष आपण पाहतो आहोत, असे वाटले नसते. उत्तर अजून चालू आहे, आत्ता, या क्षणी, याच मैदानावर, हे दिसले असते. त्यात भांडणे आहेत, गट आहेत, निवडणुका आणि पैसा आहे, हेही दिसले असते. चित्रपटाने राजकारण गाळले आणि संस्कृती तेवढी ठेवली. आपल्या बाबतीत कुणी तसे केले तर आपल्याला लगेच कळते. शाळेच्या बहुसांस्कृतिक दिवशी लेझीम पाहून टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला, आपल्या मंडळात कार्यकारिणीवरून चाललेले भांडण ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने आपण सारे एकदिलाने नाचणारे, रंगीत, आनंदी लोक असतो. ती स्तुती असते, पण तिच्यात आपण पुरते मावत नाही.

मी ज्या विद्यापीठात काम करते तिथेही पहिल्या वर्षाच्या मुलांना हा चित्रपट दाखवतात. वर्ग दोनदा मोठ्याने हसतो: च्युइंग गमच्या नाचाला आणि यजमान नेहमी जिंकतात या नियमाला. पहिले हसू मला चालते, कारण तिथे नाचणारेही हसवायलाच नाचतात. दुसऱ्या हसण्याकडे मात्र चित्रपटानेच जरा जास्त लक्ष द्यायला हवे होते. निकाल आधीच ठरलेला असेल तर तो कसला खेळ, असे मुलांना वाटते, आणि चित्रपट नियम सांगून पुढे जातो.

या नियमाची किंमत यजमानाने चुकवलेली असते. किरिविनावर कापणीनंतरच्या हंगामात ‘कायासा’ नावाचे प्रकार चालतात: एखादा पुढारी चढाओढ जाहीर करतो, लोक त्यासाठी राबतात आणि शेवटी मोठे वाटप होते. क्रिकेट या चौकटीत जाऊन बसले. सामना भरवायचा म्हणजे पाहुण्या संघाला जेवण घालायचे, आणि ते जेवण म्हणजे शेवटी याम आणि याममागची महिनोन् महिन्यांची मेहनत. धावांचा विजय यजमानाचा आणि अन्न पाहुण्यांचे. पुढे पाहुणे यजमान होतात, तेव्हा तेही जिंकतात. अनेक सामन्यांचा मिळून हिशेब मांडला तर कुणी कायमचा वर नाही, कुणी कायमचा खाली नाही. ज्याला खायला घालायचे आहे त्याला हरवून वर अपमानही करू नये, ही साधी रीतभात आहे. पाहुण्याला आग्रह करून वाढणाऱ्या आणि उरलेले डब्यात भरून देणाऱ्या आपल्या लोकांना तरी हा नियम विचित्र वाटू नये.

पण हे याम आले कुठून? इथे माझी दुसरी तक्रार सुरू होते. चित्रपटाच्या शेवटी अन्नाची देवघेव आहे, आणि ती पाहताना वाटते की हा सगळा पुरुषांचा मामला. वर सांगितलेली रीत आठवा. याम भावाकडून बहिणीच्या घरी जातो. म्हणजे प्रत्येक ढिगाच्या मध्ये एक बाई उभी आहे, जिच्यामुळे तो ढीग त्या घरात आला. चित्रपटात ती दिसत नाही.

वायनर यांचे मोठे काम नेमके याच जागेवर आहे. ओमाराकानापासून फार दूर नसलेल्या क्वाइब्वागा गावात त्या राहायला गेल्या, आणि थोड्याच अवधीत गावातल्या बायका त्यांना एका मृत्यूनंतरच्या विधीला घेऊन गेल्या. तिथे सगळी सूत्रे बायकांच्या हाती होती. वाटप चालले होते केळीच्या पानांच्या जुड्यांचे आणि पानांपासूनच केलेल्या रंगीत घागऱ्यांचे. या जुड्यांना ‘डोबा’ म्हणतात. केळीचे पान फळीवर ठेवून खरवडायचे, वाळवायचे, पट्ट्या करून बांधायच्या, काम वेळखाऊ. जुडी घरात काही उपयोगाची नाही, पण कुळातला माणूस गेला की त्या कुळातल्या बायका मृताशी ज्यांचे ज्यांचे नाते होते त्यांना हजारोंनी जुड्या वाटतात आणि त्याच्या आयुष्यभराच्या ऋणांचा हिशेब पुरा करतात. बायकोला पुरेशा जुड्या मिळाव्यात म्हणून नवरा आपल्याजवळच्या वस्तू आणि पैसे खर्च करतो. मेहुण्याने वर्षानुवर्षे दिलेल्या यामची ही परतफेड. पुरुषांचा याम आणि बायकांचा डोबा ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत.

मालिनोव्स्की तिथे मुक्कामाला होता. त्याने जुड्या आणि घागरे पाहिले होते, ओझरता उल्लेखही केला. पण शंखांच्या माळांवर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाला केळीच्या पानांत संपत्ती दिसली नाही. वायनर यांचे ‘विमेन ऑफ व्हॅल्यू, मेन ऑफ रिनाउन’ हे पुस्तक आले १९७६ मध्ये. मधली साठ वर्षे त्या बायका हेच करत होत्या, दिवसाढवळ्या, गावाच्या मध्यावर.

मला हे वाचताना आहेराची वही आठवली. लग्नात कुणी काय दिले, कुणाला काय परत करायचे, कुणाची साडी कुणाला फिरवायची नाही, संक्रांतीला कुणाकडून कुठले वाण आले, हा सगळा हिशेब आपल्या घरांत बहुतेक बायकांनी ठेवला. त्याला बायकांची हौस म्हणायचे आणि विषय संपवायचा, ही आपलीही जुनी सवय. आहेर आणि डोबा एकसारखे नाहीत. डोबामागे कुळाची मालमत्ता आणि मान आहे, तिथल्या बाईच्या हाती असलेली सत्ता वाणाच्या वाटीत नाही. पण न पाहणाऱ्याची नजर मात्र दोन्हीकडे एकच आहे. म्हणून वायनर यांचे पुस्तक मला आपल्याकडच्या वाचकांनीही वाचावेसे वाटते.

चित्रपट क्रिकेटवर आहे, डोबावर नाही. त्याने सगळेच दाखवायला हवे होते का, असे कुणी विचारील. सगळे नको. पण ज्याने सामन्याचा शेवट यामच्या देवघेवीत केला त्याने याम कुणाचा हे सांगायला एक वाक्य खर्च करायला हरकत नव्हती. बॅटवरच्या नक्षीचे मूळ ढालीपर्यंत नेणारा, भाल्यापासून चेंडूपर्यंतचा प्रवास सांगणारा चित्रपट यामपाशी येऊन गप्प होतो. आणि हे गप्प होणे योगायोगाचे नाही. लढाईची जागा खेळाने घेतली ही गोष्ट एकदा पकडली, की मग लढाईत नसलेली माणसे गोष्टीतूनही गळतात.

इतके भांडूनही मी हा चित्रपट पुन्हा पाहते, आणि त्याचे कारण त्याच्या निवेदनात नाही, चित्रांत आहे. किल्डियांचा कॅमेरा माणसांच्या जवळ जातो आणि घाई करत नाही. नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर आपण पाहिले जात आहोत याची पुरती जाणीव आहे, आणि त्या जाणिवेची मजाही आहे. निवेदक जे सांगत नाही ते हे चेहरे सांगतात: आम्हाला ठाऊक आहे तुम्ही आलात, आम्हीच बोलावले आहे, नीट पाहा.

शेवटी बेटाचाच नियम या चित्रपटाला लावून पाहू. काबिसवालीचे लोक यजमान, कॅमेरा घेऊन आलेले दोघे पाहुणे. पाहुण्यांना त्यांनी भरपेट दिले: नाच, गाणी, आठवणी, अख्खा सामना. पाहुणे ते घेऊन गेले आणि जगभर वाटत फिरले. पुढे चळवळ मोडली, पण आज जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात कुणी तरुण किरिविनाचे नाव ऐकतो तेव्हा ‘प्रेमाची बेटे’ ऐकण्याआधी त्याने हात पसरून घिरट्या घेणारे ते क्रिकेटपटू पाहिलेले असण्याची बरीच शक्यता असते. काबिसवालीला हवे होते ते यापेक्षा फार वेगळे नसावे. म्हणजे इथेही यजमानच जिंकले म्हणायचे. फरक थोडाच आहे. पाहुण्यांचा मानही राहिला आहे.

तुम्ही पाहाल तेव्हा नाच आणि नियम यांचा आनंद घ्याच. फक्त शेवटी यामचे ढीग पडद्यावर आले की क्षणभर थांबा आणि विचारा, हे कुणाच्या भावाने पिकवले, आणि कुणाच्या घरात जाऊन हे याम इथवर आले.